समुपदेशक नाही, आठवड्याला एकच तास आहे: आठवी-नववीच्या मुलांच्या मनासाठी शाळेत नेमकं काय करावं?

खडूफळा (धागाकर्ता)

नाशिकच्या सिडकोतली अनुदानित शाळा, दोन सत्रं, आठवी-नववीच्या प्रत्येक तुकडीचा पट साठच्या आसपास. समुपदेशकाचं पद नाही. पालक बहुतेक सातपूर-अंबडच्या कंपन्यांत शिफ्टमध्ये, त्यामुळे पालकसभेला येतात ते ज्यांची मुलं बरी चाललीत तेच. यंदा जूनपासून आठवड्यातला एक तास (३५ मिनिटं) 'मुलांच्या मनासाठी' म्हणून मिळणार आहे.

बाहेरचा वक्ता, 'तणावमुक्त परीक्षा'ची पीपीटी, शाल-श्रीफळ, ग्रुपवर फोटो. हे दर वर्षी होतं आणि दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या. ते सोडून सांगा. त्या तासात करायचं काय? साठांतून लक्ष कोणाकडे द्यायचं हे ठरवायचं कसं? आणि एखादं मूल खरंच काही बोललं तर शिक्षकाने पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं? या तिसऱ्या प्रश्नाची धास्ती सगळ्यांना आहे, म्हणून पहिल्याच्या वाटेला कोणी जात नाही.

निवांतकट्टा

तास मिळाला हे उत्तम, पण सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. बुधवारी पाचव्या तासाला मन मोकळं कर म्हटलं की कोणी करत नसतं. मूल बोलतं ते वही तपासून घेताना, सायकल स्टँडवर, सगळे गेल्यावर दप्तर भरत रेंगाळताना. तासाचं काम एवढंच, की या शाळेत असं बोललेलं चालतं हे सगळ्यांना कळावं.

साठ मुलांचं वर्तुळ होत नाही, प्रयत्नही करू नका. खेळाच्या किंवा ग्रंथालयाच्या शिक्षकांशी बोलून अर्धा वर्ग तिकडे पाठवा. तीस मुलं, बाकं भिंतीला, खाली सतरंजी. पहिली पाच मिनिटं स्थिरावण्यात जातात, ती जाऊ द्या. मग एक प्रश्न, सगळ्यांना तोच, आणि 'पास' म्हणायची पूर्ण मुभा. पास म्हणणाऱ्याकडे पुन्हा वळून 'आता तरी सांग' म्हणायचं नाही. हे एकदा मोडलं की वर्षभर कोणी पास म्हणत नाही, सगळे खोटं बोलतात.

प्रश्न हलका ठेवा. 'शाळेतली कोणती वेळ सर्वांत कंटाळवाणी जाते?', 'घरी पोचल्यावर पहिल्यांदा कोणाशी बोलता?', 'कोणी चिडवलं तर पोटात काय होतं?' असे चालतात. 'आयुष्यातलं सर्वांत मोठं दुःख सांगा' असलं काही विचारायचं नाही. तीस जणांसमोर घरची मारहाण सांगून बसलेल्या मुलीला मधल्या सुट्टीत तुम्ही वाचवू शकत नाही.

शेवटच्या सात मिनिटांत चिठ्ठी. सगळ्यांना सारख्या आकाराचा कोरा कागद, वर नाव. फळ्यावर दोन वाक्यं लिहायची: 'मला सरांशी/बाईंशी बोलायचं आहे' आणि 'सध्या काही नाही, ठीक आहे'. प्रत्येकाने त्यातलं एक पूर्ण वाक्य उतरवायचं आणि खाली आवडत्या भाजीचं नाव लिहायचं. भाजी कशाला? कोण किती वेळ लिहितंय यावरून शेजारचा अंदाज बांधू नये म्हणून. नुसती फुली मारायला सांगितली तर शेजाऱ्याला फुली कुठे पडली ते दिसतं. चिठ्ठ्या घडी न घालता उलट्या गोळा करा, वर्गात वाचू नका, आणि 'बोलायचं आहे' म्हणणाऱ्याला त्याच दिवशी शाळा सुटायच्या आत गाठा. 'उद्या बघू' झालं की पुढच्या आठवड्यात सगळेच 'ठीक आहे' लिहितात.

हजेरीपट

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कॅटलॉगमध्येच (हजेरीच्या वहीतच) आहे, फक्त तो आडवा वाचायचा. महिन्याचे एकूण दिवस बघून उपयोग नाही, नमुना बघा. दर सोमवारी गैरहजर. चाचणीचे पेपर मिळाले त्याच्या दुसऱ्या दिवशी गैरहजर. मधल्या सुट्टीनंतर गायब: हे बहुतेक वेळा चिडवण्याचं किंवा डबा नसल्याचं लक्षण. मुलगी दर महिन्याला तीन-चार दिवस नाही: आधी मुलींच्या स्वच्छतागृहाची कडी आणि पाणी तपासा, समुपदेशन नंतर. दिंडोरी-निफाडकडच्या शाळांत छाटणी आणि द्राक्ष काढणीच्या दिवसांत पट हलतो, तो वेगळा प्रश्न. तिथे मूल 'नाराज' नसतं, बागेत असतं.

आता जे बहुतेक शाळा करत नाहीत ते. सहामाही झाली की एका तुकडीला शिकवणारे सगळे शिक्षक वीस मिनिटं एकत्र बसा. पटावरची नावं एकेक वाचायची. प्रत्येक नावाला कोणीतरी एक वाक्य सांगायचं, मात्र मार्क आणि शिस्त सोडून: 'याच्याकडे कबुतरं आहेत', 'हिची आजी आडगावला असते', 'हा रिक्षाची सगळी मॉडेलं ओळखतो'. ज्या नावाला कोणालाच काही सुचत नाही, तिथे खूण करा. साठांत आठ-दहा नावं सहज निघतील आणि त्यांतली बहुतेक वात्रट नसतील. मधल्या बाकावरची, मधल्या मार्कांची, कोणाला त्रास न देणारी मुलं असतात ती. वात्रट पोरं सगळ्यांना तोंडपाठ असतात.

ही नावं शिक्षकांत वाटून घ्यायची, प्रत्येकाला दोन किंवा तीन. मग सलग दहा शाळेचे दिवस, रोज दोन मिनिटं, अभ्यासाचा विषय न काढता बोलायचं. पहिले तीन-चार दिवस मूल 'हो', 'नाही' एवढंच म्हणतं, तिथेच बरेच शिक्षक सोडून देतात. सोडू नका. आणि 'काय, सगळं ठीक ना?' हा प्रश्न नव्हेच, त्याचं उत्तर ठरलेलं आहे.

अवांतर: निकालपत्रकाच्या वर्णनात्मक नोंदी खरं तर याच कामासाठी. पण 'शांत व आज्ञाधारक आहे' हे साठपैकी चाळीस जणांपुढे चिकटवलेलं असतं.

माळीण_पंचवटी

पालक म्हणून एक प्रश्न. मुलाने तुम्हाला काही सांगितलं तर आम्हाला सांगणार की नाही? आमचंच मूल आणि आम्हालाच शेवटी कळतं, असं नको.

निवांतकट्टा

ताई, रास्त प्रश्न आहे. नियम सोपा, पण मुलाला आधी सांगायला हवा, नंतर नाही. 'तू सांगितलेलं माझ्याकडे राहील. तीन गोष्टी मात्र मला एकट्याला ठेवता येणार नाहीत: तू स्वतःला काही करून घेणार असशील, तू दुसऱ्याला इजा करणार असशील, किंवा कोणी तुला इजा करत असेल.' बाकी मैत्रिणीशी भांडण, कोणी आवडणं, चित्रकला घ्यायची की विज्ञान, हे मुलाच्या परवानगीशिवाय घरी जात नाही. कळवायची वेळ आली तरी मुलाला विचारायचं, 'घरी कोणाला आधी सांगू? तू समोर असशील की नको?' कधी आईऐवजी मामा निघतो. आणि त्रास देणारा घरातलाच असेल तर अर्थातच घरी फोन आधी जात नाही.

स्टेथो_इंदिरानगर

वैद्यकीय बाजू थोडी सविस्तर लिहितो, कारण दोन्हीकडून चुकतं. प्रत्येक उदास पोर 'डिप्रेशन'चं नसतं आणि प्रत्येक डिप्रेशन उदास दिसत नाही. या वयात ते बहुधा चिडचिडीतून बाहेर पडतं: दार आपटणं, तुटक उत्तरं, आवडता खेळ सोडणं. दोन आठवड्यांहून जास्त टिकलं आणि झोप, भूक, अभ्यास, मित्र यांतलं काही ढासळलं, की तपासणी हवी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात मानसिक आजारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं होतं. साठच्या वर्गाला लावून बघा, चार-पाच मुलं होतात.

शाळेच्या सकाळी पोट दुखतं, रविवारी दुखत नाही. हे नाटक नव्हे, दुखणं खरंच होतं. तरी मनावर ढकलण्याआधी रक्तातलं हिमोग्लोबिन, डोळ्यांचा नंबर आणि झोप बघून घ्या. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. सकाळच्या सत्राची शाळा, संध्याकाळी क्लास आणि रात्री बारापर्यंत मोबाइल, यात ती बसत नाही. आठवीतही अक्षरं उलटी लिहिणारं, वाचताना ओळ गाळणारं मूल आळशी नसतं. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि प्रमाणपत्र असलं तर दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. ते काम नववीतच सुरू करा, दहावीच्या जानेवारीत धावपळ करून हाती काही लागत नाही.

आता तिसरा प्रश्न. मूल म्हणालं, 'मला जगावंसं वाटत नाही', किंवा वहीच्या मागच्या पानावर तसं काही सापडलं, तर सरळ विचारा: 'जीव द्यावा असं मनात येतं का?' विचारल्याने डोक्यात कल्पना शिरते हा गैरसमज आहे, उलट कोणीतरी शब्द उच्चारला म्हणून मूल सुटतं. उत्तर 'हो' आलं तर पुढचं: कसं करायचं ठरवलं आहे का? ते हाताशी आहे का? कधी? आधी कधी प्रयत्न झाला होता का? साधन आणि वेळ दोन्ही ठरलेलं असेल तर त्या मुलाला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, स्वच्छतागृहापर्यंतही कोणी सोबत हवं. पालक येईपर्यंत शिक्षकाने शेजारी बसायचं, मुख्याध्यापकांना निरोप दुसऱ्याने द्यायचा. त्याच दिवशी सिव्हिलच्या मानसोपचार विभागात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे. सल्ला हवा तर टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलतात, शिक्षकही करू शकतो. हातात साधन असेल तर ११२.

काय बोलायचं नाही: 'आईबापांचा विचार केलास का?', 'एवढ्याशा कारणाने?', 'कोणाला सांगणार नाही, शप्पथ.'

सर्वांत महत्त्वाचं, आणि आपल्या जिल्ह्यात विशेष. पालकांना 'घरात विष आहे का' विचारलं तर नाही म्हणतात. 'औषध कुठे ठेवता?' असं विचारा. द्राक्षबागेच्या घरात फवारणीच्या बाटल्या ओसरीवर, पलंगाखाली, मोटारीच्या खोलीत असतात. पत्र्याची कुलपाची पेटी, किल्ली एकाच मोठ्या माणसाकडे, अर्धी उरलेली बाटलीही आतच. आजोबांच्या बीपीच्या, साखरेच्या गोळ्यांनाही हेच लागू. टोकाची उबळ बऱ्याचदा थोड्या वेळाची असते. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर पुष्कळ काही ठरतं.

आणि पोलीस केसची भीती घालून कोणी दवाखान्यात न्यायला उशीर करू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ चं कलम ११५ अशा व्यक्तीवर तीव्र ताण होता असंच गृहीत धरतं, शिक्षेचा प्रश्न येत नाही.

नियमावली

डॉक्टरांनी लिहिलं त्याला जोडून, लैंगिक अत्याचाराबद्दल. इथे शिक्षकाला 'आधी खात्री करू' हा पर्याय कायद्याने ठेवलेलाच नाही. पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) २०१२, कलम १९: माहिती मिळाली की स्थानिक पोलीस किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवायचंच. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. हाताखालच्या माणसाचं कृत्य संस्थाप्रमुखाने दडवलं तर एक वर्षापर्यंत. शाळेची अंतर्गत चौकशी, संस्थाचालकांची बैठक, 'दोन्ही बाजू ऐकू' हे सगळं त्यानंतर. बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणानंतरच्या २१ ऑगस्ट २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे शिक्षणाधिकाऱ्यांनाही २४ तासांत कळवायचं असतं.

करायचं एवढंच: मुलाला एकदाच ऐका. 'कोण, कुठे, केव्हा' यापलीकडे खोदू नका, कारण तेच मूल पुढे पोलिसांना, डॉक्टरांना, कोर्टात पुन्हा सांगणार आहे. त्याचेच शब्द जसेच्या तसे लिहा. ते 'खालची जागा' म्हणालं तर तुम्ही तिथे पुस्तकी शब्द घालू नका. वेळ, तारीख, सही. आरोपीसमोर उभं करू नका. नाव स्टाफरूममध्ये फिरवू नका. १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) ची मदत केव्हाही घेता येते.

तक्रारपेटीबद्दल एक. ती मुख्याध्यापकांच्या दाराशी, सीसीटीव्हीच्या बरोबर खाली टांगलेली असते. कोण टाकणार? जिन्याच्या वळणावर किंवा पाण्याच्या टाकीमागे लावा. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी, दोन माणसांनी मिळून, त्यात एक बाई हवीच, उघडायची. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची) असायला हवी. कागदावर बहुतेक ठिकाणी असतेच, तिलाच हे काम द्या. आणि आलेल्या तक्रारींपैकी निनावी, निरुपद्रवी अशा एखादीवर काय केलं ते परिपाठात सांगा ('नळाला तोटी बसवली'). मुलं त्यावरून ठरवतात, पुढची चिठ्ठी टाकायची की नाही.

हजेरीपट

चिडवाचिडवीचंही लिहून टाकतो. सर्वांत घातक सवय म्हणजे दोघांना ऑफिसात बोलावून 'हात मिळवा, सॉरी म्हण'. दोघे समान असते तर ते भांडण होतं. एक दबलेला असेल तर त्याला आता चिडवल्याचे आणि चुगलीचे असे दोन्ही हप्ते भरावे लागतात. दोघांशी वेगवेगळं बोला, त्रास सोसणाऱ्याशी आधी. मग बघ्यांशी एकेकट्याने: 'तू काय पाहिलंस?' एवढंच. बघे हसायचे थांबले की खेळ निम्मा संपतो. जागा बघा: नळ, जिना, व्हॅनमधली मागची सीट. व्हॅनवाल्या काकांना विश्वासात घ्या, त्यांना शिक्षकांपेक्षा जास्त माहीत असतं. जातीवरून, आडनावावरून, रंगावरून पडलेली 'लाडाची' नावं स्वतः शिक्षकच वर्गात वापरत असतील तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

मोबाइलवरचं प्रकरण असेल तर सावध. मुलीचा किंवा मुलाचा उघडा फोटो फिरत असेल तर शिक्षकाने 'पुरावा' म्हणून तो स्वतःच्या फोनवर घ्यायचा नाही, मुख्याध्यापकांना पाठवायचा तर मुळीच नाही. अल्पवयीन मुलाचं तसलं चित्र जवळ ठेवणं आणि पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे. खात्याचं नाव, वेळ, ग्रुपचं नाव कागदावर लिहा, फोन बंद करून पालकांसह पोलिसांकडे. सायबर हेल्पलाइन १९३०.

पेठरोड

शहरातल्या शाळांचं झालं. आश्रमशाळांचं वेगळं आहे, आणि आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच असूनही इथे कोणी ते काढत नाही.

पहिलीतलं, पाचवीतलं मूल जूनमध्ये निवासी राहायला येतं. घरी कोकणा बोलतं, इथे प्रमाण मराठी. 'तुला कसं वाटतंय?' याला उत्तर देण्याइतकी भाषाच त्याच्याकडे नसते, शिक्षक म्हणतात 'बुजरं आहे'. त्याच गावचं, त्याच बोलीचं मोठं मूल जोडीला द्या, झोपायची जागा शेजारी. घरी फोन ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी, मागितल्यावर नव्हे. मागावा लागला की रडणाऱ्यालाच मिळतो आणि मग सगळे रडतात. दिवाळी आणि होळीच्या सुट्टीनंतर मुलं परतत नाहीत किंवा पळून जातात. परत आलेल्याला पहिल्या दिवशी जाब न विचारता आधी जेवायला घाला, कारण दुसऱ्या दिवशी कळतं: बाप बागेच्या कामाला गेला, धाकटी घरी एकटी.

अंथरूण ओलं करणाऱ्या मुलाची गादी सगळ्यांसमोर उन्हात टाकणं हा मानसिक छळच आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने त्याला मनाई आहे. खाली मेणकापड, जादा चादर त्याच्याच पेटीत, झोपण्याआधी आणि रात्री अकराला अधीक्षकांनी हळूच उठवणं. चादर बदलली की सकाळी कोणाला काही कळत नाही.

आणखी एक. मुलाचं 'हातपाय दुखतात' म्हणणं हिवाळ्यात वाढलं तर 'शाळा चुकवतंय' म्हणू नका. सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी झाली आहे का ते आधी बघा. थंडी, कमी पाणी पिणं, अतिश्रम यांनी ती वेदना उसळते. अशा मुलाला पहाटेच्या गार पाण्याच्या आंघोळीतून आणि मैदानाच्या फेऱ्यांतून सूट द्यायची, आणि का दिली ते इतर मुलांना 'त्याच्या रक्ताची तब्येत नाजूक आहे' एवढ्यावर सांगायचं.

कॉलेजरोडकर

ध्यान करवून घेण्याबद्दल काय मत? शाळांसाठीच्या 'मित्र' उपक्रमात आनापान (श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान) रोज दहा मिनिटं असतं, इगतपुरीचं विपश्यना केंद्र जवळ असल्याने आपल्याकडे त्याचं वजनही आहे.

निवांतकट्टा

चांगलं आहे, पण औषध समजू नका. काही मुलांना डोळे मिटल्यावर जास्त भीती वाटते, विशेषतः ज्यांच्याशी काही वाईट झालेलं असतं. डोळे उघडे ठेवून समोरच्या खिडकीकडे बघायची मुभा हवी, आणि हललं म्हणून ओरडायचं नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये छाती धडधडली तर ध्यान सुचत नाही. तिथे श्वास सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ, चार आकडे घेताना, आठ सोडताना. आधी चांगल्या मूडमध्ये पंधरा दिवस सराव झाला असेल तरच त्या क्षणी आठवतं.

स्टेथो_इंदिरानगर

कॉलेजरोडकर, तुमचा कॉलेजरोड म्हणजे खासगी क्लासचीच वस्ती, त्यामुळे क्लासचा विषय तुमच्या नावातच आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना क्लासनाही लागू आहेत: १०० किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण, आणि मार्कांवरून बॅच वेगळ्या करणं शक्यतो टाळायचं. धागाकर्त्यांनी 'पद येणार नाही' असं धरून चालू नये, संस्थेला याचा हवाला देऊन लेखी मागणी करावी. निदान दोन-तीन शाळांनी मिळून एक समुपदेशक, ठरलेल्या वारी, एवढं तरी पदरात पडेल.

खडूफळा (धागाकर्ता)

भरपूर मिळालं. चिठ्ठी आणि 'एक वाक्य' लगेच करतो. मागणीचा अर्जही. शेवटचा प्रश्न: वर्षअखेर यादीचं काय करायचं? नववीची नावं दहावीच्या वर्गशिक्षकाला द्यायची का? मूल नव्याने सुरुवात करू पाहत असेल तर आपणच शिक्का मारल्यासारखं होतं.

हजेरीपट

हकिकत द्यायची नाही, उपयोगाचं द्यायचं. प्रत्येक नावापुढे एक ओळ: कोणाशी बोलतो, कशाने बिथरतो, काय केलं की सावरतो. 'मोठ्याने नाव घेतलं की गोठते, बाकापाशी जाऊन विचारावं' एवढं पुरतं. आजाराचं नाव पालकांच्या संमतीशिवाय नाही. जिवाचा धोका असलेली एक-दोन नावं मात्र तोंडी, मुख्याध्यापकांसमोर, घरच्यांना कल्पना देऊन. चिठ्ठ्या जाळून टाका, कपाटात ठेवू नका. वर्गाच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते ते तुम्हाला माहीतच आहे.

आणि दहावीची यादी निकालाच्या दिवसापर्यंत जिवंत ठेवा. निकाल दुपारी एकला ऑनलाइन लागतो, मूल मोबाइलवर एकटं बघतं, आईबाप कामावर. यादीतल्यांना फोन सकाळी अकरा-बारालाच करायचा आणि विचारायचं, घरी कोण आहे? कोणी नसेल तर शेजारची काकू, आत्या, कोणीतरी एकपर्यंत तिथे पोचेल असं बघायचं. दुसरा फोन तीन वाजता. त्या वेळी हाताशी दोनच गोष्टी असू द्या: पुरवणी परीक्षेच्या अर्जाची माहिती, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला प्रवेश घेता येतो हे. निम्म्या घरांना हे ठाऊक नसतं.